पहाऱ्याला कोण?

मॅडम चिडल्या की ओतूरच्या एसटी स्टँडपर्यंत ऐकू जायचं, आणि त्या चिडायच्या फक्त कॉम्प्युटरवर. घरात त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. सासू, दीर, नवरा, कुणी काहीही बोललं तरी यांचं एकच उत्तर, "बरं." आणि तेच बोलणं गिळून क्लासमध्ये आल्या की पडद्यावरच्या तलवारवाल्याला म्हणायच्या, "मेल्या, जरा दम नाय का धरवत? माणसं दमलीत तुझी!"

त्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मॅडम. माहेर अवसरी बुद्रुकचं, सासर ओतूरचं. सासरच्या घरापुढच्या गाळ्यात त्यांचा क्लास होता. कॉलेज सुटलं की मी तिथंच पडीक असायचे. भर दुपारी क्लासला कुणी फिरकायचं नाही. तेव्हा आम्ही दोघी पुण्याहून कुणीतरी आणलेल्या सीडीवरचा एक गेम खेळायचो.

गेममध्ये चार माणसं होती. तलवारवाला, धनुष्यवाली, चोर आणि वैद्यीण. दूरच्या एका गावात साथ पसरलेली, तिथं त्यांनी औषध पोचवायचं. वाटेत दरोडेखोर, जनावरं. माणसं जखमी व्हायची, दमायची, जवळचं खाणं संपत जायचं. गेममध्ये पाव होता, मॅडम त्याला भाकरीच म्हणायच्या. फार दमणूक झाली की मुक्काम टाकायचा, एकानं जागं राहायचं आणि बाकीच्यांनी झोपायचं. मुक्कामाचं बटण दाबायच्या आधी मॅडम दरवेळी मोठ्यानं विचारायच्या, "पहाऱ्याला कोण?" जणू कुणी हात वर करणार होतं.

वैद्यिणीवर त्यांचा फार जीव. ती सगळ्यांच्या जखमा भरून काढायची, पण झोप झाल्याशिवाय तिची शक्ती परत यायची नाही. मला पुढं जायची घाई. एकदा मी म्हणाले, "चला की मॅडम, तिला काय होतंय? ती कुठं लढते?"

त्यांनी माऊस आपटला. "लढत नाय म्हणून दमत नाय व्हय गं? सकाळपासून सगळ्यांचं करती. तू जेवलीस का, असं कुणी इचारलं तिला?"

तेव्हापासून भाकरी आधी वैद्यिणीला आणि पहाऱ्याला वैद्यीण कधीच नाही, असं ठरूनच गेलं.

हा राग कुठून येत होता, ते मला हळूहळू दिसलं. उजाडायच्या आत पाणी भरायचं, धारा काढायच्या, सगळ्यांचे डबे करायचे आणि मग क्लास. क्लास चालू असताना दीर गाळ्याच्या दारातून हाक मारायचा, "वयनी, पावणं आलंत, चहा टाका." पोरं टायपिंग करत असायची आणि शिकवणारी बाई चहा टाकायला जायची. एकदा दुपारी कीबोर्डशेजारी डोकं टेकून त्यांचा डोळा लागला. तेवढ्यात सासूबाई आल्या. मी समोर बसलेली असताना म्हणाल्या, "दिवसाढवळ्या निजायला बाळंतीण हाय का तू?" मॅडम दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "बरं, आत्याबाई." सासूबाई आता हयात नाहीत. तरी मला त्यांचा राग येतो, आणि तो जावा असं मला मुळीच वाटत नाही.

त्याच वर्षी घरात ठरलं की दिराला खतांचं दुकान टाकून द्यायचं. गाळा दिवाळीपर्यंत रिकामा हवा होता. मॅडमना विचारलं नाही, सांगितलं. क्लास दुसरीकडं हलवावा म्हणून त्यांनी स्टँडजवळ एक खोली बघून ठेवली. खोलीचा मालक म्हणाला, "घरच्या बाप्या माणसाला घेऊन या, मग बोलू." त्यांचा नवरा भोसरीला कंपनीत होता, रविवारी घरी यायचा. दर रविवारी मॅडम खोलीचं काढायच्या, तो "बघू" म्हणायचा आणि जेवून ताणून द्यायचा. त्याला कुणी बाळंतीण म्हणालं नाही.

"दिवाळीच्या आत दोन कामं," मॅडम मला म्हणायच्या. "खोली घ्यायची अन् औषध पोचवायचं."

औषधाचं काम आमच्या हातातलं होतं, पण त्या गेमला एक वाईट खोड होती. मुक्काम टाकल्याशिवाय गेम सेव्ह व्हायचा नाही. आणि आमच्याकडे लोडशेडिंग! यूपीएस इतका म्हातारा की लाईट गेली की तो आधी मान टाकायचा. म्हणून लाईट जायची वेळ जवळ आली की कुणी दमलेलं असो नसो, आम्ही मुक्काम टाकायचो. कधी लाईट वेळेआधीच जायची, म्हणून आणखी एक मुक्काम आधीच टाकून ठेवायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एक चंद्र होता. तो बारीक होत चालला होता. आम्हाला वाटलं, शोभेसाठी आहे.

दिवाळी तोंडावर आली असताना एका दुपारी तो चंद्र दिसेनासा झाला. पडदा काळा झाला आणि इंग्रजीत चार ओळी आल्या. तुम्ही फार उशीर केलात, गावात आता कुणी उरलेलं नाही. मॅडमनी मला त्या पुन्हा वाचायला लावल्या.

"म्हंजे आपण मुक्काम केले म्हणून?"

"हो. दर मुक्कामाला एक दिवस जात होता."

"पण आपण तर लाईट जाती म्हणून मुक्काम करायचो."

"हो."

"मग ह्ये त्या गेमवाल्याला कोण सांगणार?"

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. खुर्ची मागं सारून उभ्या राहिल्या होत्या. "चाला म्हनायचं, लढा म्हनायचं, समद्यांच्या जखमा भरा म्हनायचं! अन् घटकाभर टेकलं की वरनं दिस मोजायचं! असली कसली रीत ही? टेकायचा बी गुन्हा?" त्या दिवशी त्यांचा आवाज खरोखर स्टँडपर्यंत गेला असेल. घरात तर नक्कीच गेला. दीर दारात आला आणि म्हणाला, "वयनी, काय झालं? चहाचं बघताय ना?"

त्या म्हणाल्या, "बरं."

शेवटच्या रविवारीही नवरा "बघू"च म्हणाला. दिवाळीनंतर गाळ्यात खताच्या गोण्या लागल्या आणि कॉम्प्युटर विकले गेले. मला दिराचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त मॅडमच्या त्या "बरं"चा आला. त्या रागातच मी नोकरीला पुण्याला गेले.

बऱ्याच वर्षांनी ओतूरला गेले तेव्हा सासूबाई नुकत्याच वारल्या होत्या. त्यांचं सगळं आजारपण मॅडमनी एकटीनं काढलं होतं. घरात त्या एकट्याच होत्या. डोळे खोल गेलेले. मला बघून हसल्या आणि लगेच स्वयंपाकघराकडे वळल्या. "बस, चहा टाकते."

"चहा नको. तुम्ही जरा पडा बघू."

"आत्ता? दुपारचं? कुणी आलं तर?"

"पडा म्हणते ना."

त्या कॉटवर टेकल्या, मग आडव्या झाल्या. डोळे मिटता मिटता पुटपुटल्या, "पहाऱ्याला कोण?"

"मी."

लगेच झोप लागली त्यांना. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळानं दुकानातून दीर आला, मागं दोन माणसं. सवयीनं हाक मारली, "वयनी, पावणं आलंत, चहा!"

"झोपल्यात," मी म्हणाले.

"मग उठवा की."

"नाही."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी कोण?"

मी उठून दाराला पाठ लावून उभी राहिले. इतक्या वर्षांचा राग होता, पण आवाज चढवला नाही, आत ऐकू गेलं असतं. म्हटलं, "पहाऱ्याला आहे. पाहुण्यांना स्टँडवर चहा मिळतो."

तो घुटमळला, पाहुण्यांकडे बघून ओशाळं हसला आणि त्यांना घेऊन स्टँडकडे निघाला. मी पुन्हा उंबऱ्यावर बसले. माझी एसटी गेली, नंतरचीही गेली. मॅडम झोपल्या होत्या.