मागच्या दाराचं कुलूप

मैत्रिणींनो, दिपालीच्या मरणाला जबाबदार कोण?

आज दुपारी यवतमाळातल्या आमच्या अभ्यासिकेत नेहमीसारखा सराव पेपर चालू होता. खालच्या गाद्यांच्या दुकानाला आग लागली आणि पुढच्या जिन्यातून काळा धूर वर आला. आम्ही मुली मागच्या दाराकडे धावलो. त्याला बाहेरून कुलूप होतं. अभ्यासिकेचा मालक किल्ली घेऊन येईपर्यंत आमच्यातली घाटंजीची दिपाली दारापाशीच कोसळली. दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेली.

लोक मालकाला शिव्या देताहेत. पण कुलूप आमच्या घरच्यांनीच मागितलं होतं. प्रवेश घेताना माझे बाबा म्हणाले होते, "मागून कोणी याले नाही पायजे, भाऊ. कुलूप लावा, मंगच पोरीले पाठवतो." ते लागलं म्हणूनच मला शिकायला शहरात येता आलं.

संध्याकाळी पोलिसांना जबाब द्यायला निघाले, तेव्हा बातमी ऐकून गावाहून आलेले बाबा म्हणाले, "मालकाचं सांग ना, माय. आपलं कायले सांगतं?"

तुम्ही किंवा तुमच्या मुली जिथे शिकता, तिथलं मागचं दार उघडतं का? आजच बघा.

मी जबाबात मालकाचं नाव सांगितलं. बाबांचंही सांगितलं, आणि खाली सही केली.