कोपरभर खोल लिली

माझं अख्खं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. सोबतचे मला ‘वरखाली’ म्हणायचे. कारण एकदा मी तारा जोडून दिलेली लिफ्ट वर जायचं बटण दाबलं की खाली जायची आणि खालचं दाबलं की वर. तेवढं एक सोडलं तर माझं काम चोख होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. हे ऐकताना बायको नेहमी दुसरीकडे बघते.

निवृत्त झाल्यावर घरातलं जे जे बंद होतं ते मी चालू केलं. मग चालू होतं ते उघडायला लागलो. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. संध्याकाळी आली की आधी टेबलावर सुटे स्क्रू दिसतात का ते बघायची. त्यामुळे थंडीच्या तोंडावर विहीणबाईंनी, म्हणजे लेकीच्या सासूबाईंनी, लिलीच्या कंदांची पिशवी माझ्या हातात दिली तेव्हा बायकोला हायसं वाटलं.

“मातीत तरी स्क्रू नसतात,” ती म्हणाली.

विहीणबाई रिटायर्ड नर्स. आवाज असा, की माणूस आपसूक बाही वर करतो. त्या मला कंद कसे लावायचे ते समजावून सांगायला लागल्या, तर मी हात वर केला.

“विहीणबाई, खड्डा कसा खणायचा ते मला नका सांगू. लिफ्टच्या खड्ड्यातच जन्म गेलाय माझा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “फुलं आली की बघायला येईन.”

घरामागच्या पट्टीत मी कोपरभर खोल खड्डे घेतले. कंदाच्या एका टोकाला दाढीसारखे बारीक तंतू होते. मला ते केस वाटले. केस म्हणजे डोकं, आणि डोकं वर, हे उघड होतं. वरून माती बुटाने घट्ट दाबली आणि रोज न चुकता बादलीभर पाणी घातलं. पाणी मुरायला वेळ लागायचा. चिखल बघून मला वाटायचं, वा, काय ओलावा धरलाय!

थंडी सरली. शेजारच्या कुंपणावर पालवी आली, आमच्या पट्टीत काही नाही. सासरहून लेकीचा फोन आला, “बाबा, आईंची लिली गुडघ्याला लागली. तुमची?”

“येतेय,” मी म्हणालो. खोटं नव्हतं. कुठून आणि कधी, एवढंच ठाऊक नव्हतं.

मग मी बिघाड शोधायला बसलो. लिफ्ट अडकली की आधी वीज बघायची. इथे वीज म्हणजे पाणी, म्हणून पाणी दुप्पट केलं. मग ऊन कमी पडत असेल म्हणून जुना आरसा टेकवून वाफ्यावर उजेड पाडला. शेवटी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मातीत खुपसून कंद जागेवर आहे का ते चाचपलं. कचकन काहीतरी तुटलं.

बायको दारात उभी होती. “अहो, जिवंताला टोचताय की मेलेल्याला?”

“तेच तर तपासतोय!”

तेवढ्यात विहीणबाईंचा निरोप आला, रविवारी येते. मी सरळ रोपवाटिका गाठली आणि फुललेली लिली मागितली.

“केशरी आहे, चालेल?” रोपवाल्याने विचारलं.

“रंगाचं काय घेऊन बसलात, लिली ती लिली,” मी म्हणालो. घरी येऊन ती कुंडीसकट वाफ्यात पुरली.

रविवारी विहीणबाई आल्या. लिलीसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग वाकून बोटाने माती सारली, तर कुंडीची काळी कड वर आली.

“व्याहीबुवा,” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “माझी लिली पांढरी होती हो. तुमच्या घरी येऊन लाजली वाटतं.”

बायको इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं. मी फावडं आणलं.

विहीणबाई एकेक कंद बाहेर काढायच्या, अंगठ्याने दाबायच्या आणि निकाल द्यायच्या. “हा कुजला. हाही. ह्याला भोक कसलं पडलंय?” मी आभाळाकडे बघितलं. “आणि हे काय, मुळं वर? उलटे टांगलेत होय बिचाऱ्यांना?”

अगदी तळाशी दोन कंद घट्ट निघाले. दोन्ही उलटेच होते. त्यांचे फिकट पिवळे कोंब वळसा घालून वरच्या बाजूला निघाले होते. एवढ्या अंधारात, एवढ्या दाबलेल्या मातीतून. ते बघून मी फावडं हळूच खाली ठेवलं. विहीणबाईंचाही आवाज मऊ झाला.

“चिवट आहेत. वर कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट माती, बस. चिखलात वाळू मिसळा. वरचा थर सुकला की मगच पाणी. आणि तो स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे द्या.”

मी मुकाट्याने दिला.

सुलटे करून पुन्हा लावलेल्या त्या दोन्हींना त्या वर्षी नुसती पानं आली. मी त्यांचीही फुशारकी मारली असती, पण बायकोने डोळे मोठे केले. पुढच्या वसंतात एकीवर कळी धरली. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायचो, काही न करता. मला जमलेलं सगळ्यात अवघड काम तेच. कळी फुलली तेव्हा मात्र आम्ही विहीणबाईंकडे मुक्कामाला होतो, त्यांची लिली बघायला. परत आलो तर पाकळ्या गळायला लागल्या होत्या. मी हळहळत उभा होतो, तर बायकोने खांद्याला धरून मला दुसऱ्या झाडाकडे वळवलं. तिथे एक हिरवी कळी होती, करंगळीएवढी.

“हात मागे,” ती म्हणाली.