गावडे भाऊजींचा बांबू

किस्से हे घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. एकीत एक कोंबत जातो, आणि एक दिवस ओट्याखालचं दार उघडलं की सगळ्या भसाभस अंगावर येतात. परवा बाल्कनीतलं कपाट आवरताना आमची जुनी निळी ताडपत्री निघाली आणि नेमकं तेच झालं. माझा नवरा मुकुंद म्हणाला, "आता टाक ती!" मी म्हटलं, "आधी तुला टाकीन!"

ही ताडपत्री मंदीतली. दोन हजार नऊची सुरुवात. दुबईत निम्म्या क्रेन नुसत्या उभ्या होत्या. आम्ही अल कुसैसला राहायचो. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर गावडे. शरद गावडे प्लॅनिंग इंजिनीयर, बायको वंदना, मुलगी केतकी दहावीत. तळमजल्यावर पाटकर, एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत सेफ्टी ऑफिसर. त्याची बायको पुण्याला, त्यामुळे हा जेवायला कायम आमच्यापैकी कोणाकडे तरी. मुकुंद स्ट्रक्चरल इंजिनीयर. आणि मी जबल अलीच्या एका गोदामात डॉक्युमेंटेशन बघायचे. म्हणजे या सगळ्यांत कामाचा कागद वेळेवर देणारी मी एकटीच!

जानेवारीअखेर गावडे भाऊजींना नोटीस मिळाली. एक महिना नोटिशीचा, मग व्हिसा कॅन्सल, मग तीस दिवस. थोडक्यात, मार्च संपायच्या आत दुसरी नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळून डोंबिवलीला. आणि केतकीची बोर्डाची परीक्षा बरोब्बर मधोमध.

शुक्रवारी सुट्टी असली की भाऊजी सोफ्यावर बसून भिंतीकडे बघत राहायचे. वंदना मला म्हणाली, "सुलू, यांना घराबाहेर काढ गं. भिंतीला भोक पडेल आता." मॉलमध्ये जायची कोणाची छाती नव्हती. वाळवंट मात्र फुकट होतं.

असं आमचं कॅम्पिंग सुरू झालं. सकाळी निघायचं, हत्ताच्या रस्त्याला वाळूत बसायचं, अंधार पडायच्या आत घरी.

* * *

सावलीला काहीतरी हवं म्हणून आम्ही तंबू बघायला गेलो. "नऊशे दिरहम! म्हणजे बारा हजार रुपये!" मुकुंद दुकानातच ओरडला. "मी पन्नास मजली टॉवर उभे करतो, आणि तंबू विकत घेऊ?"

मग चाळीस दिरहमची ताडपत्री आली. दोन बांबू, दोरी आणि लोखंडी खुंट्या आल्या. सोपं काम होतं. दोन बांबू उभे करायचे, मधे दोरी, दोरीवर ताडपत्री, चार कोपरे खुंट्यांना ताणून बांधायचे. पण मुकुंदने त्याचं ए-थ्री ड्रॉइंग काढलं! वाऱ्याचा जोर किती, दोरीचा कोन किती. खाली कोपऱ्यात सही आणि 'रिव्हिजन दोन'. मी विचारलं, "रिव्हिजन एक कुठाय?" तर म्हणाला, "ती क्लायंटने रिजेक्ट केली." क्लायंट म्हणजे तो स्वतःच.

वाळूत खुंट्या ठोकल्या. लोण्यात सुरी जावी तशा त्या आत गेल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पहिली झुळूक आली आणि चारही खुंट्या तशाच वर आल्या. ताडपत्री निघाली ओमानच्या दिशेने, तिच्यामागे भाऊजी, त्यांच्यामागे पाटकर, आणि सगळ्यांच्या मागे ड्रॉइंग.

मुकुंद जागचा हलला नाही. कमरेवर हात ठेवून उभा. मी म्हटलं, "अरे, बघतोस काय नुसता?"

म्हणाला, "ड्रॉइंग बरोबर आहे. साइट चुकीची आहे!"

* * *

पाटकरचं वेगळंच. तो येताना हेल्मेटं घेऊन यायचा. ताडपत्रीखाली बसायला हेल्मेट! गाडीतून उतरलं की आधी त्याचं पाच मिनिटांचं भाषण. पाणी प्या, बुटात विंचू बघा, दोरीत पाय अडकवू नका. माझा रोहन तेव्हा आठ वर्षांचा. तो त्याला विचारायचा, "अंकल, कॅन वुई ईट नाऊ?"

एकदा त्याने ऑफिसातून लाल-पांढरी टेप आणली आणि सगळ्या दोऱ्यांना पट्टे बांधले, लांबून दिसावेत म्हणून. काम झक्कास झालं होतं. मग फोटो काढायला तो मागे सरकला. आणखी मागे. आणखी थोडा मागे. आणि टेप बांधलेल्याच दोरीत पाय अडकून असा काही उताणा पडला की हेल्मेट टुणटुण करत टेकडीखाली गेलं.

आम्ही धावलो. आमच्या कॅम्पिंगमधला तो पहिला अपघात. पाटकर वाळूत पडल्या पडल्याच म्हणाला, "बघितलंत? म्हणूनच मी टेप लावतो!"

* * *

खुंट्या टिकत नाहीत म्हटल्यावर बांबू कोणीतरी धरून उभं राहणं आलं. एक बांबू आम्ही पाळीपाळीने धरायचो. दुसरा मात्र भाऊजींचा. ते कोणाला हातच लावू देईनात. मी म्हटलं, "भाऊजी, बसा की जरा. मी धरते."

"नको वहिनी," ते म्हणाले. "बाकी काही हातात उरलेलं नाही. हा बांबू तरी असू दे."

इतक्या सरळ आवाजात म्हणाले ते, की मी नुसती चहा ओतत राहिले.

तर त्याच दिवशी उंट आला. कोणाचा तरी पाळलेला होता, गळ्यात दोरी. आला तो सरळ आमच्या डब्यांकडे. रोहन किंचाळला, पाटकरने शिट्टी फुंकली आणि पहिला गाडीत जाऊन बसला. आम्ही सगळे त्याच्यामागे, दुसरा बांबू टाकून. भाऊजी तिथेच! एका हातात बांबू, दुसऱ्या हातात पोळीभाजीची बशी. उंटाने शांतपणे बशीतली पोळी खाल्ली. मग भाजी. मग काकडी. भाऊजी मान ताठ ठेवून समोर बघत उभे.

केतकी गाडीतून ओरडली, "बाबा, जस्ट लीव्ह इट!"

"मी सोडला तर उरलेलंही पडेल ना!"

उंटाने बशी चाटून पुसून लख्ख केली आणि निघून गेला. वंदनाने कपाळावर हात मारला. "अगं, नोकरी मिळाल्याशिवाय हा माणूस काही तो बांबू सोडायचा नाही!"

सगळे हसलो. वंदनाच आधी हसली, म्हणून आम्हाला हसता आलं.

* * *

खुंट्यांचा प्रश्न सोडवला तो एका पठाण ड्रायव्हरने. पाण्याचा टँकर रस्त्याकडेला लावून तो आमची गंमत बघत होता. मुकुंद म्हणत होता खुंट्या लांब हव्यात, भाऊजी म्हणत होते तिरक्या हव्यात, पाटकर म्हणत होता आधी परमिट हवं. दहा मिनिटांनी खानसाहेब खाली आले.

"आप लोग काम क्या करते हो?"

"इंजिनीयर," मुकुंद म्हणाला.

"तीनों?"

"तीनों."

"माशाल्ला," खानसाहेब म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "बहनजी, थैली है?"

मी सुपरमार्केटच्या चार पिशव्या दिल्या. त्यांनी एकीत वाळू भरली, तोंडाला दोरी बांधली, हातभर खड्डा करून पिशवी आत पुरली, वर वाळू लोटली आणि पायाने दाबली. मग दोरीला असा काही हिसका दिला की मला वाटलं ताडपत्री फाटेल. पिशवी तसूभर हलली नाही.

"खलास," म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

केतकी म्हणाली, "बाबा, ही डिड इट इन लाइक टू मिनिट्स!" पुढच्या शुक्रवारी ड्रॉइंगची रिव्हिजन तीन आली. त्यात खुंट्यांच्या जागी चार पिशव्या होत्या, आणि 'मंजुरी' लिहिलेल्या चौकटीत मुकुंदने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: खानसाहेब!

त्यानंतर पिशव्या पुरून होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटंच काय ते बांबू धरावे लागायचे. तरी भाऊजींनी आपला बांबू दुसऱ्या कोणाला दिला नाही.

* * *

मार्च उजाडला. भाऊजींचा व्हिसा कॅन्सल झाला. रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून फाइल घेऊन निघायचे आणि दुपारी परत यायचे. 'कळवतो' असं सगळेच म्हणायचे. कळवत कोणीच नव्हतं.

वंदनाने सुपरमार्केटच्या बोर्डवर चिठ्ठी लावली: फ्रिज, सोफा, कपाट विकणे आहे. एका शुक्रवारी ताडपत्रीखाली मटार सोलता सोलता मी तिला विचारलं, "फ्रिजचं काय झालं गं?"

"काल एकजण आला होता. चारशे सांगितले. लगेच हो म्हणाला."

"मग?"

"मग मी पाचशे म्हटलं."

"अगं! मग?"

"त्यालाही हो म्हणाला मेला! मग मी आठशे सांगितले, तेव्हा कुठे गेला."

"वंदना, वेडी आहेस का?"

ती मटारच्या शेंगेकडे बघत म्हणाली, "मग काय करू? विकला गेला असता ना!"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मटार मात्र दोघींनी पुष्कळ खाल्ले त्या दिवशी, कच्चेच.

* * *

आणि मग तो शेवटचा शुक्रवार. व्हिसाचे पाच दिवस उरलेले. बुधवारी भाऊजी जबल अलीला एका स्टीलच्या वर्कशॉपमध्ये इंटरव्ह्यू देऊन आले होते. मालक स्वतः बोलला होता. म्हणाला, "शुक्रवारपर्यंत फोन करतो, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणाला?" पाटकरने विचारलं. "कसा म्हणाला? हसून की घड्याळाकडे बघून?"

"घड्याळाकडे बघून."

तिथे घड्याळाकडे बघून म्हटलेलं इन्शाल्ला म्हणजे बहुधा नकारच. घरात बसून फोनकडे टक लावण्यापेक्षा वाळूत गेलेलं बरं, म्हणून आम्ही निघालो होतो इतकंच.

त्या दिवशी वारा जोरात होता. बांबू उभे केले. पुढचा भाऊजींकडे, मागचा माझ्याकडे. मुकुंद आणि पाटकर बाहेर कोपऱ्यांना खड्डे खणत होते आणि पिशवी किती खोल पुरायची यावरून भांडत होते. ऊन चटके देत होतं. वंदना पोह्यांचा डबा, केतकी आणि रोहन यांना घेऊन सरळ आत शिरली.

"वहिनी, बाहेर या!" पाटकर ओरडला. "एकही पिशवी पुरून झालेली नाही!"

"उन्हात कोण बसणार? पोहे गार होतायत," वंदना आतून म्हणाली. "आणि हे आहेत ना बांबूला. काही पडत नाही!"

केतकीचा एक पेपर राहिला होता. ती पुस्तक उघडून बसली. वंदना बशा मांडायला लागली. ताडपत्री इतकी फडफडत होती की शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात भाऊजींनी खिशातून फोन काढलेला मला दिसला. कोपराच्या बेचक्यात बांबू घट्ट आवळून त्यांनी फोन कानाला लावला. आमच्या दोघांमध्ये पंधरा फूट आणि सगळी फडफड. मला नुसते ओठ दिसत होते. ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. मग बराच वेळ ते ऐकतच राहिले. मी मनात म्हटलं, गणपतीराया, एवढं कर रे.

भाऊजींनी फोन खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच, इतक्या शुक्रवारांत पहिल्यांदाच, त्यांनी दोन्ही हात उचलले आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवले.

बांबू डुलला. दोरी माझ्या बाजूला सैल पडली, माझाही बांबू हातातून निसटला, आणि ती चाळीस दिरहमची अख्खी निळी ताडपत्री वंदनावर, पोरांवर आणि पोह्यांवर धप्पकन बसली.

पाटकरच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजली नाही.

मग ताडपत्रीखाली मधोमध एक उंचवटा उभा राहिला आणि आतून वंदनाचा आवाज आला:

"मिळाली! केतकी, बाबांना नोकरी मिळाली!"