टाकीचं पाणी आणि आबांचा घास

मैलापाण्याच्या टाकीवर नोकरी केली म्हटलं की लोक आधी खुर्ची मागं सरकवतात आणि मग म्हणतात, "एखादा किस्सा सांगा ना!" किस्से काय, गाळासारखे आपोआप साचतात. उपसायला मात्र कुणी येत नाही, म्हणून मीच उपसतो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. दौंडला आमच्या वसाहतीचं सांडपाणी भीमेत जाण्याआधी एका मोठ्या टाकीत मुरवायचे. मी नवा ओव्हरसीअर. टाकी सांभाळायचे याकूबमामा. मूळचे केडगावचे, रविवारी न चुकता चर्चला जाणारे. नोकरी टेंपररी, राहायची खोली टाकीला लागूनच. म्हणजे टाकी गेली की मामांची नोकरी गेली आणि छप्परही गेलं.

*

टाकीचं उद्घाटन झालं तेव्हा साहेबांनी रीतसर नारळ फोडला. प्रसादाचं ताट फिरलं आणि जसंच्या तसं भरलेलं परत आलं. ज्याला त्याला नेमका तेव्हाच उपास!

मामांनी शांतपणे खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "नारळ वर फुटलाय. खाली कुटं बुडला?"

तरी दुसरा हात काही ताटाकडे गेला नाही. मी पण उपासच सांगितला, खोटं कशाला बोलू!

*

पाहुणे आले की मामा टाकीतून बाहेर पडणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून दाखवायचे. बऱ्यापैकी नितळ असायचं. एका पाहुण्यानं विचारलं, "पिता येईल का हो?"

"बघायला दिलंय साहेब. बघा आन् ठिवा!"

*

खरा घोटाळा केला आमच्या दवाखान्याच्या कंपाउंडरनं. पुण्याहून मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून या उत्साही माणसानं आदल्या दिवशी घरोघरी फिनेल वाटलं. सगळ्या वसाहतीनं मोऱ्या घासून घासून धुतल्या. ते सगळं फिनेल टाकीत. टाकीतली घाण खातात ते बारीक जीव, ते बिचारे एका दिवसात गार!

साहेब आले तेव्हा मोऱ्या चकचकीत आणि टाकीला अशी दुर्गंधी की साहेबांनी नाकावरचा रुमाल काढलाच नाही. रुमालाआडूनच म्हणाले, "हे पाणी एखादा शेतकरी तरी घेतो का? पुढच्या खेपेपर्यंत कुणी घेतलं नाही, तर टाकी बंद."

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हतीच.

*

टाकी पुन्हा जिवंत करायला मामांनी शेणकाला ओतायला सुरुवात केली. शेण आणायचे शेजारच्या भागूजी आबांच्या गोठ्यातून. आबांनी एकदा विचारलंच, "याकूब, रोज शेन कशाला रं?"

"टाकी आजारी हाय आबा. पेज पाजतोय."

तीन आठवड्यांत टाकी सुधारली.

*

आता राहिला शेतकरी. आबांचं रान टाकीच्या खालच्या अंगाला, टाकीचं पाणी भीमेकडं नेणाऱ्या नाल्याला लागून. मी आणि मामा त्यांच्याकडं गेलो, हातापाया पडलो. आबांनी गळ्यातली माळ हातात धरली. "आमी न्हाई त्या पान्याला शिवनार. माळ बाटंल."

गंमत अशी की भर उन्हाळ्यात सगळ्यांची रानं करपली होती आणि आबांचा लसूणघास मात्र गुडघाभर हिरवागार! तो खाऊन म्हशी दूध देत होत्या, आणि टाकीच्या नावानं नाक मुरडणाऱ्या आमच्या बायका तेच दूध कौतुकानं घेत होत्या. "आबांच्या दुधाला साय कशी येते बघा!"

मी मामांना म्हटलं, "नाल्यात दगडांचा बांध कुणी घातलाय हो?"

"आसंल कुनी," मामा म्हणाले. "म्हातारं मानूस हाय. त्याला गावात राह्यचंय."

*

साहेबांची दुसरी खेप आली. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मामांनी चाक फिरवून टाकीचं पाणी बाहेर सोडायचं दार बंद केलं. मी म्हटलं, "मामा, हे काय?"

"एक दीस ऱ्हाऊ द्या बंद."

दुसऱ्या दिवशी साहेब टाकीपाशी उभे राहिले, टाकी बंद करायचा कागद त्यांच्या हातातच होता. "एकही शेतकरी नाही ना?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. मामा चाकाला तेल लावत बसले होते.

तेवढ्यात बांधावरून आबा तरातरा आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं.

"कोन हाय रं हितला साहेब? कालधरनं पानी का बंद हाय? माझा घास माना टाकाय लागलाय, म्हशींनी काय खायाचं?"

साहेबांनी कागदावरून नजर वर केली. "आबा, तुम्ही हे पाणी घेता?"

आबांचा हात माळेवर गेला.

"छ्या! मी कशाला घेतोय? ते आपलं आपनहून येतंय. दारी आलेल्याला न्हाई कसं म्हनायचं?"

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. मामांनी तेलाचं बोट धोतराला पुसलं, उठले आणि चाक फिरवलं.