अडकलेली टेप

कॉम्प्युटर अपडेट होताना मध्येच अडकला की माझी सून बटण दाबून धरते आणि चहा ठेवायला निघून जाते. तिला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र अजून तिथून उठवत नाही. सत्तरच्या दशकात कलकत्त्यातल्या एका सरकारी कचेरीत मी प्रोग्रामर होते. तिथलं मशीन असंच अडकलं आणि त्यापायी एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती.

मशीन म्हणजे एस्प्लनेडजवळच्या इमारतीतली एक अख्खी थंडगार खोली. भिंतीला लागून टेप ड्राइव्ह, म्हणजे काचेच्या दारांची उभी कपाटं, त्यात टेपची रिळं फिरायची. आमचे विभागप्रमुख मराठी, साताऱ्याकडचे. ऑफिसात ते माझे ‘सर’ आणि बालीगंजला त्यांच्या घरी ‘काका’. काकू मला जवळजवळ दर शनिवारी जेवायला बोलवायच्या. परक्या मुलखात वरणभात आणि मायेचे दोन शब्द मिळाले की माणूस विकला जातो. मीही गेले होते.

मशीन चालवणारे मुख्य ऑपरेटर बंगाली, चाळिशीचे. लोकलने सियालदहला उतरून यायचे. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. शहरात कॉम्प्युटरविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा दादा त्यात होते, आपल्या पोटावर पाय येणार म्हणून. पुढे मशीन आलंच, तेव्हा परीक्षा देऊन ते त्याच मशीनवर बसले आणि कितीतरी वर्षं इमानानं बसले. पण सरांच्या डोक्यातून तो मोर्चा जाईना. ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच,’ असं ते दादांच्या देखत मला मराठीतून म्हणायचे. दादांना कळत नाही म्हणून म्हणायचे, याचीच मला जास्त चीड यायची. पण बोलायची सोय नव्हती, शनिवारी त्यांच्याच ताटात जेवायचं होतं ना.

त्या रविवारी नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची होती. कंपनीच्या इंजिनियरनं टेप आणून दिली आणि तो जमशेदपूरला निघून गेला. काम सरळ होतं. टेपवरचं नवं वाचायचं, डिस्कवरचं जुनं पुसत पुसत त्याजागी लिहायचं. दादांनी टेप चढवली, मी कन्सोलच्या, म्हणजे मशीनशी बोलायच्या टाइपरायटरसमोर बसले. दोन ऑपरेटरही तोवर मदतीला आले होते. दुपारपर्यंत छान खडखडत चाललं होतं. मग एका ओळीच्या मध्यावर टाइपरायटर थांबला तो थांबलाच. टेप जरा पुढे जायची, मागे यायची, परत तेवढीच पुढे. पाढे म्हणताना पोर एकाच ओळीवर अडखळावं तसं.

जुनी सिस्टिम अर्धी पुसलेली, नवी अर्धीच आलेली. तेलही गेलं, तूपही गेलं. जमशेदपूरला ट्रंक कॉल लावला तर तो काही लागेना. आणि सोमवारी सकाळी अख्खी कचेरी त्या मशीनवर येऊन पडणार.

सर केबिनमधून आले. त्यांनी टेपकडे पाहिलं आणि इंग्रजीत एकच प्रश्न विचारला, ‘हे दार कोणी उघडलं होतं?’

‘मीच सर,’ दादा म्हणाले. ‘सकाळी आल्या आल्या हेड साफ केलं. रोज करतो तसं.’ टेप वाचणारा जो भाग असतो ते हेड. ते रोज स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, हा नियमच होता.

‘म्हणजे तुमच्याशिवाय कोणीच हात लावलेला नाही,’ सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, ‘बघितलंस? शेवटी दाखवलाच ना गुण. उद्या सकाळी सस्पेंड करतो आणि पोलिसांना कळवतो. हा घातपात आहे.’

घातपात हा शब्द त्या दिवसांत त्या शहरात साधा नव्हता. एकदा नावाला चिकटला की पोलीस दारात यायचे आणि मग त्या माणसाला कोणी दारात उभं करायचं नाही. दादांना मराठी येत नव्हतं, पण पोलीस म्हणजे काय ते कळलं. ते खुर्चीला धरून उभे राहिले. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी टेप काढायला उठले. ‘हात लावू नकोस,’ सर म्हणाले, ‘पुरावा आहे तो.’

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. ‘सर, उद्या कचेरी भरली की लोकांना काय पुरावा दाखवायचा? मशीन नको का चालायला?’ म्हटलं आणि टेप उतरवून शेजारच्या ड्राइव्हवर चढवली. पहिल्यापासून सुरू केलं. जिथे अडकली होती ती जागा आली आणि टेप सुरळीत पुढे गेली. टाइपरायटर खडखडायला लागला. मला वाटलं, सुटलो. टेप चांगली आहे, दादांनी काही केलेलं नाही.

‘मग ड्राइव्ह बिघडवला त्यानं,’ सर म्हणाले.

एकदा एखाद्याला चोर ठरवलं की त्याच्या सावलीच्या हातातही पिशवी दिसते. मी पहिल्या ड्राइव्हचं दार उघडलं, बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेडवरून फिरवला. बोळा लाल झाला.

सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं. महिन्यापूर्वी विश्वकर्मा पूजेच्या दिवशी दादा आणि बाकीचे ऑपरेटर फुलं, शेंदूर घेऊन मशीनच्या पूजेला आले होते, तेव्हा सरांनीच त्यांना दारातून परत पाठवलं होतं. आत फूल नको, उदबत्ती नको, भुकटी तर मुळीच नको, धुळीनं मशीन मरतं, असं अर्धा तास ऐकवलं होतं. मंडळी निमूटपणे खाली जनरेटरची पूजा करून आली होती.

‘चोरून पूजा केलीत?’ सरांनी विचारलं. दादा नुसते नाही नाही म्हणून मान हलवत राहिले.

मी टॉर्च घेऊन ड्राइव्हच्या तळाशी पाहिलं. तिथे तांदळाचे चार दाणे पडले होते. अख्खे, कुंकवात घोळलेले. बंगाली माणूस पूजेला धान, म्हणजे सालीसकट भात, आणि दूर्वा वाहतो. कुंकू लावलेल्या अक्षता त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होत्या. एक मी, आणि टेप अडकेपर्यंत मी त्या दाराला हातही लावला नव्हता. दुसरे सर.

मी दाणे तळहातावर घेऊन सरांसमोर धरले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांना खरंच आठवलं नव्हतं, हे मी आजही मानते. काकूंनी पुडी दिली होती, हे त्यांनीच पुटपुटत सांगितलं. नव्या कामाला हात घालताना करतो तसं त्यांनी, दादा खाली चहाला गेले असताना, दार उघडून रिळाला कुंकवाचं बोट लावलं होतं आणि अक्षता टाकल्या होत्या. आपली ती पूजा. तिची भुकटी होते हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘हे आपल्यात राहू दे,’ ते मराठीत हळूच म्हणाले. मग इंग्रजीत सगळ्यांना, ‘धूळ होती. कोणाची चूक नाही. चला, कामाला लागा.’

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. ‘काका,’ मी म्हटलं. ऑफिसात त्यांना काका म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. ‘तुम्ही सांगता की मी सांगू?’

त्यांनी मान फिरवली. मी हिंदीतून दादांना सगळं सांगितलं. हे तांदूळ काय, कोणाचे, केव्हा टाकले.

दादांनी एक दाणा बोटात धरून उलटसुलट पाहिला. रागावले नाहीत. सरांना अगदी हळू आवाजात विचारलं, ‘सर, हे धान असतं तर?’

सरांनी घड्याळ पाहिलं आणि केबिनमध्ये गेले.

संध्याकाळी नवी सिस्टिम चढली. सोमवारी कचेरी भरली, मशीन चाललं, बाहेर कोणाला काही कळलं नाही. पुढच्या शनिवारी मला बालीगंजचं बोलावणं आलं नाही. काकूंची फार आठवण यायची, खोटं कशाला बोलू. त्या पुडीत त्यांनी माया बांधून दिली होती.

दादांनी त्याच आठवड्यात जुन्या विभागात, कागदांच्या गठ्ठ्यांत, परत जायचा अर्ज दिला. सरांनी लगेच सही केली. मी दादांच्या टेबलाशी जाऊन भांडले. म्हटलं, तुमच्यावर काही आलं नाही, सगळ्यांसमोर सिद्ध झालं, मग तुम्ही का जाताय?

‘दिदी,’ ते म्हणाले, ‘त्यांनी मशीन उघडून बघण्याआधी माझं तोंड बघितलं. पुन्हा काही अडकलं तर पुन्हा तेच बघतील. आणि तेव्हा तुम्ही नसाल.’

मी म्हटलं, मी कुठे जातेय? पण वर्षभरात माझी दिल्लीला बदली झाली.