गणेशच्या नंबरवरून आलेला फोन

मंडळी, मावशींच्या घरून आत्ताच आलोय.

दुपारी शेजारच्या कमलमावशींना गाडीवर मागं बसवून सेनगावच्या पेट्रोल पंपावर गेलो होतो. पेट्रोल-डिझेल उद्यापासून पुन्हा महागणार म्हणून ही मोठी रांग! जो तो भावावरून तणतणत होता.

मावशींचं लक्ष मात्र मोबाईलकडे. त्यांचा गणेश ट्रकमध्ये माल घेऊन आंध्राच्या किनाऱ्याकडे गेलेला, आणि तिथं काल रात्री चक्रीवादळ धडकलं. तेव्हापासून त्याचा फोन बंद.

तेवढ्यात मोबाईल वाजला. स्क्रीनवर गणेशचंच नाव. मावशींनी घाईघाईनं स्पीकर लावला.

नुसता वारा ऐकू येत होता. मधूनच पत्रा आपटल्यासारखा आवाज.

"गणेश, बोल की रे! काहून बोलून न्हाई राहिला?"

रांगेतली भांडणं थांबली. कुणीतरी जीपचं इंजिन बंद केलं. आमच्याकडे झाडाचं पानही हलत नव्हतं, आणि सगळा पंप ते वादळ ऐकत उभा होता. मग फोन कट झाला.

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून गणेशचा फोन आला. तो सुखरूप आहे, एका शाळेत आसरा मिळालाय. मावशी आधी रडल्या, मग रागावल्या. "दुपारी फोन केलास, तवा काहून बोलला न्हाईस?"

"मी कुठं केला, माय? माझा मोबाईल रातीच ट्रकसंगं पाण्यात गेला."

तो कॉल मावशींच्या मोबाईलमध्ये अजून दिसतोय. त्या मला विचारतायत, पुन्हा वाजला तर उचलू का?

काय सांगू त्यांना?