खंडेनवमीच्या पाटावरचं रिव्हॉल्व्हर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. पाच वर्षं झाली — आता बास. तुम्हाला सांगतो.

तेव्हा मी आणि सुहास सिंगापूरला, चोआ चू कांग भागात एका फ्लॅटमध्ये भाड्याने राहायचो. तो साताऱ्याचा, मी पुण्याचा, दोघेही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर. मी पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज केलेला होता, बायको-मुलगी यायच्या होत्या.

एका शनिवारी ब्लॉकखाली आलेल्या भंगारवाल्याच्या पत्र्याच्या डब्यात मला ते दिसलं. जुनं रिव्हॉल्व्हर. पंधरा डॉलर! त्याला वाटलं खेळणं आहे. ते खेळणं नाही हे मला कळलं होतं — तरी पैसे देऊन मी ते घरी आणलं.

कसं सांगू किती आवडलं ते! दर शनिवारी दुपारी खोबरेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसायचो. मुठीचं लाकूड उजळलं. गोळ्या नव्हत्या, चाप गंजलेला, पण चक्र फिरायला लागलं त्या दिवशी मी एकटाच हसत सुटलो. सुहास मात्र मागे लागलेला — इथे याला तुरुंग आणि फटके आहेत, पोलिसांत नेऊन दे. मी त्याला भित्रा म्हणायचो. भित्रा कोण होता?

खंडेनवमीला सुहासने त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे पाट मांडला. लॅपटॉप, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर. तो आंघोळीला गेला आणि मी मधोमध रिव्हॉल्व्हर ठेवलं. शस्त्राची पूजा, मग खरं शस्त्र नको? तो बाहेर येऊन म्हणाला, उचल ते. मी म्हटलं, फूल तरी वाहू दे. तेवढ्यात बेल वाजली. गळका नळ बघायला घरमालक आले होते, म्हातारे चिनी अंकल. नळ राहिला बाजूला, ते पाटापाशीच थांबले.

"धिस वन हूज, आह?"

सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबला असणार तो.

"हिज," मी म्हणालो.

एकच शब्द. घाबरून निसटला असं म्हणता आलं असतं — पण अंकलच्या फोनवरून पोलीस आले आणि त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं तेव्हा? सुहासने खरं सांगितलं होतं. मी शांतपणे जबाब दिला की पाट त्याचा, पूजा त्याची, वस्तूही त्याचीच. खाली सही केली. हे घाबरून होतं का? नाही. यात हिशोब होता.

गंजामुळे ते चालण्यासारखं नाही असं ठरलं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. पण सुहासचा पास गेला आणि त्याला साताऱ्याला परतावं लागलं. पोलीस-केस ऐकून मुलीकडच्यांनी त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. मला पीआर मिळाला. आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला मी हा किस्सा सांगितला — "आमचा सातारकर पूजेला पिस्तूल मांडतो!" लोक खूप हसले. मीही हसलो.

आता काय करणार ते ठरलंय. खरा जबाब लिहून काढलाय. आज बायको ऑफिसातून आली की आधी तिला वाचायला देणार, सोमवारी पोलिसांकडे जाणार. पीआर जाईल, नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. जाऊ दे. एक प्रत साताऱ्याला रजिस्टरने जाईल. त्याने उत्तर द्यावं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र त्या जबाबात बसत नाही, ती इथे लिहितो. त्या सकाळी पोलीस सुहासला घेऊन निघाले. पुढचा हवालदार प्लास्टिकच्या पिशवीत रिव्हॉल्व्हर घेऊन चालला होता. लिफ्टपाशी सुहासने वळून माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीकडे बघत होतो. मला वाईट वाटत होतं — रिव्हॉल्व्हर गेलं म्हणून.